नकारानंतरचा चहा

कोर्टाच्या जिन्याखाली एक कॅन्टीन आहे. आत शिरलं की डाव्या हाताला खांबाला लागून एक बाक दिसतो. सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्या बाकावर काळ्या कोटातली एक बाई बसलेली असते आणि समोर बहुधा एखादं घाबरलेलं माणूस असतं. ती त्याला काहीबाही समजावते, मग दोघं उठून वर जातात. येणारेजाणारे तिला ‘वकीलसाहेब’ म्हणून हाक मारतात. आज ही हाक मानाची आहे. एके काळी ती चिडवायची होती, आणि ते चिडवणं मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते.

आमची भिंत पातळ. पलीकडे घड्याळजींचं बिऱ्हाड. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या. त्यांच्याकडे चार वाजले की माझ्याकडेही वाजतात, आणि त्यांच्या घड्याळांचं आपसात पटत नसल्यामुळे कधी कधी चार तीनदा वाजतात. घरात घड्याळजी, त्यांची थोरली बहीण आणि मुलगी, म्हणजे ती कॅन्टीनमधली बाई. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. आत्या जिभेने तिखट. पोरगी कायदा शिकून घरी आली, त्या दिवशी आत्याने सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय वकीलसाहेब, भाजी तुम्ही निवडणार की त्यासाठी अर्ज करू?” तेव्हापासून ते नाव पडलं.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून पाठांतर सुरू झालं. “नमस्कार सर. मी या वर्षी कायद्याची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. आपल्या हाताखाली काम शिकण्याची माझी इच्छा आहे.” पुढे आणखी पाच-सहा वाक्यं. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली आणि त्यातली अकरा बदलीची नटी म्हणून. बदलीच्या नटीला दुसऱ्यांची भाषणं आपोआप पाठ होतात, तो तिचा धर्मच असतो. तिसऱ्या दिवशी मला तिचं सगळं पाठ होतं. सहाव्या दिवशी ती चौथ्या वाक्यावर अडली. मला राहवलं नाही. मी इकडून पुढचा शब्द टाकला. मग दारावर टकटक झाली, आणि ती उभी होती, संकोचून हसत. “मावशी,” ती म्हणाली, “फारच मोठ्याने म्हणते का मी?”

अशी आमची ओळख पक्की झाली.

वकिली सुरू करायची तर सनद हातात आल्यावर आधी कुणा मोठ्या वकिलाच्या ऑफिसात उमेदवारी करावी लागते. तारखा बघायच्या, कागद लावायचे, कोर्टात मागे उभं राहून शिकायचं. सनद तिच्या हातात होती. तिला उभं करून घेणारं ऑफिस नव्हतं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, अनुभव असता तर घेतलं असतं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, वर्षभराने या. तिसऱ्या वकिलाने तिचा अर्ज बाजूला ठेवून लग्न कधी करणार एवढंच विचारलं. चौथ्याने दोन तास बाहेर बसवलं आणि मागच्या दाराने निघून गेला.

इथे माझी चूक झाली, ती लपवत नाही. मी तिला म्हटलं, पोरी, तुझं बोलणं ठीक आहे, तुझा प्रवेश कच्चा आहे. दारात क्षणभर थांब. सगळी खोली नजरेखालून घाल. आवाज बेंबीपासून काढ. पहिल्या वाक्यानंतर मनात तीन आकडे मोजून थांब. चार दिवस तिला माझ्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत चालवलं. बिचारीने सगळं मन लावून केलं आणि पाचव्या ऑफिसात जाऊन जसंच्या तसं सादर केलं. ते वकील वृद्ध होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, इथे शेवटच्या रांगेत कुणी बसलेलं नाही.”

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. प्रेक्षकांनी पाडलेलं नाटक मी पचवलेलं आहे, पण आपल्यामुळे दुसऱ्याचं पडावं, हे फार जड जातं.

एव्हाना घरात एक ठराव झाला होता. घड्याळजींकडे एक हेडमास्तर जुनं हातघड्याळ दुरुस्तीला देत असत. त्यांच्या शाळेत कारकुनाची जागा होती आणि मुलीचं अक्षर त्यांनी पाहिलं होतं. शाळा उघडेपर्यंत जागा राखून ठेवतो, म्हणाले. घड्याळजी मितभाषी माणूस. डोळ्याला भिंग लावलेलं असताना तर ते कुणाशीच बोलत नाहीत. त्यांनी भिंग काढून मुलीला सांगितलं की दुरुस्त होणार नाही असं घड्याळ ते उगाच ठेवून घेत नाहीत, गिऱ्हाईकाला तसं सांगून परत करतात. शाळा उघडेपर्यंत प्रयत्न कर, नाही जमलं तर नोकरी धर. तिनेही मान डोलावली. म्हणजे मुदत ठरली. एकदा शाळेच्या खुर्चीत बसली की ती परत कोर्टाकडे फिरकणार नाही, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं घड्याळजींनाही ठाऊक होतं.

सहावा नकार, सातवा नकार. आठवं ऑफिस एका मोठ्या वकीलबाईंचं होतं. नावाजलेल्या, शिस्तीच्या. त्यांच्याकडून हिला फार आशा होती. त्या म्हणाल्या, माझ्याकडे आता जागा नाही. पुढे त्या आणखी काहीतरी बोलत होत्या, पण ते ऐकायला ही तिथे होतीच कुठे? ‘नाही’ कानावर पडलं की ती पळ काढायची. नमस्कार अर्धा, दार अर्धं उघडं, आणि ही जिन्यात. त्या दिवशी घरी आली तेव्हा हातात लाकडी मुठीची काळी छत्री होती. तिची स्वतःची निळी होती. घाईत दुसऱ्याचीच उचलून आली होती.

आत्याने छत्री उलटसुलट करून पाहिली. “चला,” ती म्हणाली, “वकिलीतली पहिली कमाई घरात आली.”

सगळे हसले, ही सोडून. परत करायला जायचं धैर्य तिला होईना. छत्री दारामागे खुंटीवर लटकत राहिली. तिच्याकडे बघून ती मला म्हणाली, “मावशी, मला नकाराचं काही वाटत नाही. नकारानंतर त्या खोलीतून दारापर्यंत चालत जावं लागतं ना, ते जमत नाही.”

तेव्हा मला आमच्या मालकांची आठवण झाली.

आमच्या नाटक कंपनीत मालकांचा एक दंडक होता. कामासाठी आलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची आणि तो नापास झाला तर त्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. पास झालेल्याला चहा नाही. त्याला लगेच तालमीला उभा करायचा. नापासाला सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर बसवायचं, चहा द्यायचा, आणि कुणी त्या परीक्षेचा विषय काढायचा नाही. मीही त्या सतरंजीवर बसलेली आहे. माझा आवाज घोगरा म्हणून नाकारली होती. चहा पिता पिता समोर शिंपीदादा झालर उलट्या बाजूने टाचत होते ते मला दिसलं, मी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत मी कपडेपटात होते. आमचा रंगभूषाकार त्याच चहातून मिळाला, प्रॉम्प्टरही. मालक म्हणायचे की परीक्षेत माणूस दिसत नाही, नापास झाल्यावर चहा कसा पितो त्यात दिसतो.

मी तिला एवढंच सांगितलं की यापुढे नकार मिळाला की थेट घरी यायचं नाही. बसायचं, एक चहा घ्यायचा, शेवटच्या घोटापर्यंत. मग यायचं.

“पण मला तिथे कोण चहा देणार?”

“तूच घे. कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये जा.”

नववा नकार तिने त्या कॅन्टीनमध्ये बसून प्यायला. कॅन्टीनवाल्या काकूंनी तिला पहिल्याच दिवशी हेरलं. दहाव्याला त्यांनी नुसतं चेहऱ्याकडे बघून कप पुढे सरकवला. अकराव्याला विचारलं, “आज साखर जास्त टाकू का?” आणि दोघी हसल्या. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. जी पोरगी जिन्यावरून पळत सुटायची ती आता काकूंशी हसत होती.

कॅन्टीनमध्ये बसून तिच्या लक्षात एक गोष्ट आली. तिथे वकील फारसे बसत नाहीत, त्यांना सवड नसते. तिथे बसतात ते साक्षीदार. कुणी सकाळपासून बसलेलं, कुणी तिसऱ्यांदा आलेलं, कुणाला वर कुठल्या खोलीत जायचं तेच माहीत नसतं. ती त्यांना खोली दाखवू लागली. बोर्डावर नंबर बघून देऊ लागली. नंतर ती कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायची, बघायची, आणि घरी येऊन मला सांगायची की आज कोण कसं अडखळलं.

शाळा उघडायला चार दिवस राहिले तेव्हा मी तिला म्हटलं, मला एकदा तुझं कोर्ट दाखव.

आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो तर खांबाजवळच्या बाकावर एक इस्त्रीवाली बसली होती. पन्नाशीची, हात राकट, पदराचं टोक पिळून पिळून चुरगळलेलं. दुसऱ्यांच्या कपड्यांवर आयुष्यभर सुरकुती राहू दिली नाही आणि स्वतःच्या पदराची ही दशा. मागच्या तारखेला ती साक्षीला उभी राहिली आणि तोंडातून अक्षर फुटलं नाही. आज परत बोलावलं होतं. “मला पिंजऱ्यात उभं करतात,” ती म्हणाली. “पिंजरा म्हटलं की माझी वाचाच बसते.”

मला स्फुरण चढलं. मी म्हटलं, बाई, सोपं आहे. खाली बघू नका, श्वास घ्या, पहिलं वाक्य हळू म्हणा, मग आवाज चढवा, आणि सांगा बघू, काय म्हणणार आहात तुम्ही?

“मावशी,” मुलगी म्हणाली, “तुम्ही जरा गप्प बसा.”

इतक्या दिवसांत ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मग तिने हळू आवाजात सांगितलं की साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. एकही नाही. तो गुन्हा आहे. काय म्हणणार आहात, हे विचारायचंसुद्धा नाही.

आणि ती इस्त्रीवालीला म्हणाली, “चला, तुम्हाला ती जागा दाखवते.”

जेवणाची सुट्टी होती. वरची खोली रिकामी होती, एक शिपाई तेवढा दारात डबा खात होता. हिने त्याची परवानगी घेतली. मग इस्त्रीवालीला पिंजऱ्यापाशी नेलं. पिंजरा म्हणजे काय, तर तीन बाजूंनी कंबरेएवढा लाकडी कठडा, वरची पट्टी हातांच्या घामाने गुळगुळीत झालेली. “इथे हात ठेवा. न्यायाधीश तिथे बसतात. आधी तुम्हाला इकडचे वकील विचारतील, मग तिकडचे. मध्येच कुणी ‘हरकत आहे’ म्हणालं तर तुम्ही थांबायचं, ते तुमच्यावर रागावलेले नसतात. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. तेही उत्तरच असतं.” इस्त्रीवालीने कठड्यावरून हात फिरवला. मग तिने, काय वाटलं कुणास ठाऊक, पदराने ती पट्टी पुसून काढली.

मी मागे उभी राहून बघत होते आणि मला आमचे दौरे आठवले. नव्या गावी प्रयोग असला की आम्ही दुपारी रिकाम्या रंगमंचावर जायचो. भाषणं नाही, हावभाव नाही. नुसती पावलं मोजायची, कुठली फळी करकरते ते बघायचं. मी या पोरीला प्रवेश शिकवला, आवाज शिकवला, आणि ही एक गोष्ट, जी खरी कामाची होती, ती शिकवायची राहूनच गेली. ती तिने आपली आपण शोधली होती.

तेवढ्यात दारात मोठ्या वकीलबाई आल्या. होय, त्याच आठव्या ऑफिसच्या. साक्षीदार त्यांचीच होती, आणि खाली बाकावर सापडली नाही म्हणून त्या शोधत वर आल्या होत्या.

“तुम्ही माझ्या साक्षीदाराला काय शिकवलंत?”

“काही नाही, मॅडम. खटला कशाचा आहे तेही मला माहीत नाही.”

त्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. ती म्हणाली की या पोरीने जागा दाखवली. सुट्टी संपली होती, लोक आत येऊ लागले होते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. हिने माझ्या हातावर हात ठेवला. चूक धरली गेली तर शाळेच्या नोकरीआधीच वकिलीचा निकाल लागणार होता.

खटला दोन भावांमधला, एका खोलीच्या ताब्याचा होता. म्हाताऱ्या भावाचं म्हणणं, मी इथेच राहत होतो. दुसरी बाजू म्हणत होती, तो इथे कधी राहिलाच नाही. इस्त्रीवालीने दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि सांगितलं की नऊ वर्षं दर आठवड्याला त्या खोलीतून पाच सदरे यायचे, डाव्या खिशावर शाईचा डाग असलेले, आणि ती ते त्याच दारात नेऊन द्यायची. आवाज बारीक होता, पण होता.

मग समोरचे वकील उठले. चतुर माणूस. त्यांनी गोड आवाजात विचारलं, “आज इथे येण्याआधी तुमच्याशी कुणी बोललं का?”

“हो,” इस्त्रीवाली म्हणाली. “ती मागे बसलीय ती पोरगी बोलली.”

सगळ्या माना मागे वळल्या. माझ्या हातावरचा तिचा हात निघाला. न्यायाधीशांनी विचारलं, कोण ते? ती उभी राहिली.

“काय सांगितलंत तुम्ही यांना?”

ती दारात थांबली नव्हती, खोली नजरेखालून घातली नव्हती, आकडेही मोजले नव्हते. ती फक्त बोलली. “उभं कुठे राहायचं ते सांगितलं, साहेब. आधी कोण विचारेल आणि मग कोण, ते सांगितलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, असं सांगितलं. साक्षीबद्दल मी काही विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. दारात शिपाई होते.”

न्यायाधीशांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने मान हलवली. “बसा,” ते म्हणाले, आणि समोरच्या वकिलांना म्हणाले, “पुढचा प्रश्न.”

तिचं कोर्टातलं पहिलं बोलणं ते. त्या दिवशीही शेवटच्या रांगेत कुणी नव्हतं, कारण शेवटच्या रांगेत आम्हीच होतो.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी तिला गाठलं. आधी चांगली खरडपट्टी काढली. दुसऱ्याच्या साक्षीदाराशी त्याच्या वकिलाला न विचारता बोलायचं नसतं, आज निभावलं, उद्या निभावणार नाही. हिने चूक कबूल केली. वकीलबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि वळल्या.

“त्या दिवशी मी म्हणत होते की जागा नाही, पण साक्षीपुराव्याच्या तारखांना कुणीतरी लागतं. तुम्ही ऐकायला थांबला नाहीत.”

या वेळी ही थांबली.

“गुरुवारी माझे दोन साक्षीदार आहेत. या. बसायला खुर्ची मिळणार नाही, कपाटाशेजारी स्टूल आहे. गुरुवारच्या पुढचं मला माहीत नाही.” मग जाता जाता त्या म्हणाल्या, “आणि माझी छत्री आणा.”

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, कमाई परत करावी लागणार म्हणजे. घड्याळजी भिंग लावून बसले होते. टेबलावर हेडमास्तरांचं घड्याळ दुरुस्त होऊन चालू होतं. दुसऱ्या दिवशी ते पोचवायचं होतं, आणि त्याच्याबरोबर शाळेचं उत्तरही.

ती म्हणाली, “बाबा, ही नोकरी नाही. एक गुरुवार आहे फक्त.”

घड्याळजींनी भिंग काढलं. घरातली सगळी घड्याळं तेवढी बोलत होती. मग त्यांनी ते घड्याळ कानाला लावलं, कापडात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.

“घड्याळ तू नेऊन दे,” ते म्हणाले. “काय सांगायचं ते तूच सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अकरा जणांनी तिला ‘नाही’ म्हटलं होतं, आता तिला कुणाला तरी म्हणायचं होतं, आणि तेही भल्या माणसाला, ज्याने तिच्यासाठी जागा अडवून ठेवली होती. शाळा दहा मिनिटांवर. घड्याळजींनी एक वाजेपर्यंत तीनदा दारात येऊन रस्ता पाहिला. मी माझ्या खिडकीत बसून ते बघत होते. मनातून मला धाकधूक होती की त्या खुर्चीत बसून तर घेतलं नाही ना पोरीने.

दीडच्या सुमाराला ती आली. हात मोकळे, चाल सावकाश.

“एवढा वेळ?” घड्याळजींनी विचारलं.

“नाही म्हटल्यावर सर एकदम गप्प झाले,” ती म्हणाली. “मग मला लगेच उठवेना. मीच शिपायाला चहा सांगितला. पहिला कप झाला तरी ते गप्पच होते, म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्याला त्यांनी घड्याळाची चौकशी केली.”

घड्याळजींनी भिंग परत डोळ्याला लावलं. “काय म्हणाले?”

“वेळ बरोबर दाखवतंय म्हणाले,” ती म्हणाली, आणि दारामागच्या खुंटीवरची छत्री काढून तिच्यावरची धूळ झटकू लागली.